लेखकाला शेपूट लावायची तर

विलायतेत शेक्सपिअरचं मांजर विकत मिळतं. गळ्याभोवती चुण्यांची पांढरी चकती, कपाळ जरा मोठं, मिशा मूळच्याच. कपावर, उशीच्या अभ्र्यावर, भिंतीवरच्या फ्रेमीत. सूझन हर्बर्ट (१९४५–२०१४) ही इंग्रज चित्रकर्ती तर अशा मांजरांवरच नावारूपाला आली. जगातली गाजलेली चित्रं तिने मांजरं घालून पुन्हा काढली, शेक्सपिअरच्या नाटकांतली पात्रंही तिच्या तावडीतून सुटली नाहीत. हा खेळ आता मोठा धंदा आहे. लेखकाची ओळख पटेल एवढा एखादा कपडा घ्यायचा, तो कुत्र्याला, घुबडाला नाहीतर कोल्ह्याला चढवायचा आणि चेहऱ्यावर गंभीर भाव ठेवायचा.

आपल्याकडे, म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या टिळक चौकात किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर, असं मराठी काही सहजी दिसत नाही. पु. लं.ची वाक्यं छापलेले कप दिसतात, तुकोबांच्या ओळींचे टी-शर्ट दिसतात. पण अत्र्यांचा हत्ती किंवा गडकऱ्यांचं हरीण दिसत नाही. वाचणारं गिऱ्हाईक इथे कमी आहे म्हणावं, तर तसंही नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ठाण्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन तीनदा भरलं (१९६०, १९८८ आणि २०१०), डोंबिवलीत २०१७ मध्ये. पुस्तकांच्या पिशव्या भरभरून लोक लोकलने घरी गेले. मग लेखकाला शेपूट लावायला आपण का कचरतो?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मराठी चित्रात जनावर लेखकाच्या शेजारी उभं राहतं, त्याच्या अंगात शिरत नाही. आणि जिथे शिरलं, तिथे ते नुसती गंमत म्हणून शिरलेलं नाही.

शेजारच्या जनावरांची यादी संतांपासूनच सुरू होते. ज्ञानेश्वरांच्या बाजूला रेडा. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर त्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा मराठी मुलाला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक असते. प्रभातच्या दामले-फत्तेलालांनी १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये तो प्रसंग पडद्यावर आणला आणि मग कॅलेंडरवाल्यांना वेगळी कल्पना लढवायची गरजच उरली नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून नगरच्या रस्त्याला लागलं, की आळेफाटा येतो. तिथल्या आळे गावात या रेड्याची समाधी आहे, आणि लोक तिथे भाविकपणे नारळ फोडतात. एखाद्या ग्रंथकर्त्याच्या जनावराचं देऊळ असणं ही जगाच्या मानाने थोडकी गोष्ट नाही. लंडनमध्ये शब्दकोशकार जॉन्सनच्या हॉज नावाच्या मांजराचा पुतळा आहे, पण तो बसवला १९९७ साली, आणि त्याला कोणी नैवेद्य दाखवत नाही.

नामदेवांच्या पुढे पोळी पळवणारं कुत्रं आणि त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. एकनाथांच्या पुढे तहानेने तडफडणारं गाढव, आणि रामेश्वराला न्यायच्या कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात. चांगदेव वाघावर बसून आले, हातात सापाचा चाबूक, आणि ज्ञानेश्वरांसह चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. या चित्रांत एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. वाघ मिळाला तो गर्विष्ठ योग्याला. ज्यांना आपण मोठं मानतो त्यांच्या वाट्याला रेडा, कुत्रं, गाढव, नाहीतर नुसती मातीची भिंत. मानाचं जनावर आणि मोठा माणूस यांची जोडी संतकथेने मुद्दाम फोडलेली आहे.

आणि नेमकी हीच तीन जनावरं आपल्या शिव्यांत आहेत. ‘गाढवा’, ‘रेड्या’, ‘कुत्र्या’ हे शब्द मराठी घरात अजून रोज वापरात असतात. डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवरून भांडण लागलं, की अख्खं प्राणिसंग्रहालय डब्यात शिरतं. उलट बाजूला स्तुतीची जनावरं आहेत: नरकेसरी, पुरुषव्याघ्र, गानकोकिळा. टिळक-आगरकरांनी १८८१ साली वर्तमानपत्र काढलं तेव्हा नाव सिंहाचं दिलं. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये मासिक काढलं ते ‘हंस’. सगळं जनावर एकतर डोक्यावर नाहीतर पायाखाली. मधली जागा, जिथे माणूस थोडासा घुबड असतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, ती या यादीत नाहीच. शेक्सपिअरचं मांजर त्या मधल्या जागेत राहतं.

गंमत अशी, की मराठी घरातला सगळ्यांत मोठा लेखनिक हत्तीच्या तोंडाचा आहे. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने महाभारत लिहून काढलं. हातात लेखणी, पुढ्यात भूर्जपत्रं, सोंड एका बाजूला वळलेली. म्हणजे रचणारा माणूस, लिहिणारा हत्ती, आणि भादव्यात पाटावर बसतो तो हत्ती. रामायणाकडेही असाच एक दावेदार आहे. ‘हनुमन्नाटक’ परंपरेने मारुतीच्या नावावर टाकलेलं आहे, त्याने ते शिळांवर कोरलं म्हणतात. एकाला सोंड, दुसऱ्याला शेपूट.

कल्याणच्या सुभेदार वाड्यातला गणेशोत्सव १८९५ पासूनचा. तेव्हापासून आजवर या पट्ट्यातल्या मांडवांत आणि पेणहून येणाऱ्या टेम्पोंतून गणपतीची किती रूपं उतरली असतील! विठोबाच्या रूपातला गणपती येतो, माउलींच्या रूपातला येतो, फेटा बांधून वीणा घेतलेला तुकोबांच्या रूपातला येतो. आता या शेवटच्याकडे जरा जवळून बघा. कपाळावर गंध, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर उपरणं, वीणेच्या दांडीवर सोंडेचं टोक टेकलेलं. मूर्तिकाराने तुकोबांचा पोशाख जसाच्या तसा उतरवलाय आणि मधे तोंड हत्तीचं आहे. विलायती धंद्याची हीच तर रीत: पोशाख लेखकाचा, चेहरा प्राण्याचा. पण सोसायटीच्या मांडवात कुणाला ते चमत्कारिक वाटत नाही, कारण हत्ती इथे देव आहे आणि त्याने तुकोबांचं रूप घेतलेलं आहे. हेच उलट बाजूने करायला गेलं, तुकोबांना हत्ती ‘केलं’, तर त्याच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर कुणी झोपणार नाही. चित्र तेच, मूळ कोण आणि सोंग कुणाचं, एवढ्यावर सगळं अवलंबून.

याच मातीत त्याहून जुनं एक उदाहरण आहे, आणि ते माझ्या म्हणण्याला छेद देणारं आहे. अजिंठ्यात बुद्ध प्राणी झालेला दिसतो. जातककथांमध्ये तो पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व: सहा सुळ्यांचा हत्ती छद्दन्त दहाव्या आणि सतराव्या लेण्यात, स्वतःच्या अंगाचा पूल करणारा वानर सतराव्या लेण्यात, शिवाय हंसही. यात टिंगल नाही, उपमाही नाही. तो हत्ती म्हणजे तोच. एखाद्या थोर सांगणाऱ्याला जनावराच्या अंगात पाहायचं आणि मान जराही कमी होऊ द्यायचा नाही, हे सह्याद्रीच्या कातळावर पंधराशे वर्षांपूर्वीच जमलेलं होतं. पुढे ती नजर सुटली. मराठीत ती परत आणायची खटपट विद्वानांनी केली: दुर्गा भागवतांनी जातककथांचं मराठी भाषांतर केलं, ते सात खंडांत आलं; आणि चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत असत. पण चिमणरावाच्या वाचकाला त्याच्या लेखकाचं हे पाली अंग फारसं ठाऊक नसतं. चित्रकारांनीही तो धागा उचलला नाही.

युरोपातही सुरुवात शेजारीच होती. डिकन्सचा पाळीव कावळा, नाव ग्रिप, त्याने १८४१ च्या ‘बार्नबी रज’ कादंबरीत घातला. तो वाचून कवी एडगर अॅलन पोला आपला कावळा सुचला असं मानतात. पेंढा भरलेला ग्रिप आजही फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयात काचेत उभा आहे. मात्र त्याच सुमाराला पॅरिसमध्ये ग्राँव्हिल या चित्रकाराने उडी मारली. १८४०–४२ मध्ये निघालेल्या ‘प्राण्यांचं खासगी आणि सार्वजनिक जीवन’ या संग्रहात बाल्झाकसारखे लेखक मजकूर देत होते आणि ग्राँव्हिल कोट-टोपीतले प्राणी काढत होता. त्यात आल्फ्रेद द म्युस्सेने पांढऱ्या कस्तुराची गोष्ट लिहिली. हा कस्तुर कवी आहे, जातीबाहेरचा आहे, त्याला वाटतं आपल्यासारखं कुणीच नाही. मग त्याला एक पांढरी कस्तुरी भेटते, तीही लेखिका, भराभर कादंबऱ्या पाडणारी. पुढे कळतं की तिचा पांढरेपणा लेप लावून आणलेला आहे. कस्तुर म्हणजे म्युस्से आणि ती म्हणजे जॉर्ज सँड, हे पॅरिसच्या वाचकाला सांगावं लागलं नाही. दोघांचं प्रेम आणि ताटातूट गावभर झालेली होती. मला या सगळ्या प्रकारातलं हे सर्वोत्तम काम वाटतं, आणि त्याचं कारण चित्रातला कोट किंवा टोपी नाही. पक्षी निवडताना लेखकाच्या लिखाणाचा आणि त्याच्या अहंकाराचा विचार झालेला आहे, म्हणून. शेक्सपिअरच्या मांजराच्या जागी शेक्सपिअरचा ससा ठेवला तरी काही बिघडत नाही. म्युस्सेच्या कस्तुराच्या जागी कबूतर चालणार नाही.

मराठी व्यंगचित्राकडे यायला उशीर झाला, पण खरी अडचण तिथेच कळते. शि. द. फडणीस यांचं, १९५२ च्या सुमाराचं, ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. बसच्या थांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यावर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदीर. एक अक्षर लिहिलेलं नाही. माणसं माणसंच राहिली आहेत, प्राणी कापडावर आहेत, आणि तरी कोण कुणाच्या तावडीत आहे हे पाहणाऱ्याला क्षणात कळतं. फडणिसांनी प्राणी माणसाच्या शेजारून उचलून थेट अंगावर आणला, पण अंगात शिरू दिला नाही. मराठी सभ्यतेची सीमारेषा यापेक्षा नेमकी कुणी आखलेली मला माहीत नाही.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांच्याकडे तर लेखकांची अख्खी वस्तीच होती. हे गृहस्थ पेशाने स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी, आणि ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यांनी १९६४ पासून कितीतरी वर्षं केली. जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाला शरीर दिलं ते सरवट्यांनी: हातात भलाथोरला लाकडी हातोडा घेतलेला तो टवाळ. मराठी साहित्यिकांच्या फजितीचं एवढं प्रेमळ दप्तर दुसऱ्या कुणी राखलेलं नाही. पण तिथेही लेखकांची भरते ती माणसांचीच जत्रा. सरवट्यांच्या रेषेला प्राण्याची गरजच नव्हती, असं माझं मत आहे. हनुवटी, खांदे, उभं राहण्याची ढब एवढ्यावर ते माणूस पकडत. प्राण्याचा आधार लागतो तो चेहरा न पकडता ओळख पटवायची असते तेव्हा.

आणि ओळख पटायला मुळात पोशाख ठरलेला लागतो. शेक्सपिअरचं काम सोपं आहे. १६२३ च्या संग्रहातलं एक कोरीव चित्र, त्यातली कॉलर, संपलं. आमचे विसाव्या शतकातले लेखक बहुतेक सगळे बुशशर्ट, चष्मा आणि मागे वळवलेले केस. पु. लं.चे पुढचे दात तेवढे हाताशी आहेत, म्हणून त्यांचा ससा करायचा मोह कुणालाही व्हावा. मला तो आळस वाटतो. ‘पाळीव प्राणी’ लिहून ज्याने प्राणी पाळणाऱ्यांची भरपूर चेष्टा केली, त्याला गोंडस ससा करून बसवणं म्हणजे त्याने ज्यांची खोड काढली त्यांच्याच मांडीवर त्याला देणं.

डोंबिवलीकरांना त्यांचे दोन घरचे लेखक दिले तर काय होईल? पु. भा. भावे इथे राहिले, संमेलननगरीला २०१७ मध्ये त्यांचंच नाव होतं. शं. ना. नवरे तर डोंबिवलीचेच, २०१३ पर्यंत. भाव्यांसाठी लोक लगेच वाघ म्हणतील, म्हणजे पुन्हा स्तुतीचं जनावर. शन्नांना मी चिमणी देईन. चाळीच्या वळचणीला राहणारी, घरातलं सगळं ऐकणारी आणि कुणी हाकललं तरी जेवायच्या वेळेला परत येणारी. पण हे झालं माझं. शन्नांच्या वाचकांपैकी निम्मे अजून भांडायला उभे राहतील, आणि तेच बरोबर आहे.

याच गावात एक वेगळा धडा बघायला मिळतो, तोही साहित्याच्या बाहेर. शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे (१९२६–२०२१) मूळचे कल्याणचे, त्यांचं शिल्पालय डोंबिवलीत आहे. गेटवेसमोरचा १९६१ चा अश्वारूढ शिवाजी त्यांचा. अश्वारूढ पुतळ्यात निम्मं व्यक्तिचित्र घोड्याचं असतं. घोडा मेणाचा वाटला तर स्वार कितीही ऐटीत असो, फसला. दक्षिण मुंबईत याचं उलट उदाहरण घडलं. काळ्या घोड्यावरचा इंग्रज राजपुत्र १९६५ मध्ये हलवला, नाव मात्र घोड्याचं राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराशिवायचा नुसता घोडा बसवला. माणूस उतरवला आणि प्राणी परत आणला. त्या चौकातच अरुण कोलटकरांनी आपलं प्राणिचित्र करून ठेवलंय. ‘काला घोडा पोएम्स’ (२००४) उघडलं की पहिलाच बोलणारा एक भटका कुत्रा आहे, रस्त्याच्या मधोमध बसलेला, अंगावरचे ठिपके मुंबईच्या जुन्या नकाशासारखे. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले कसलेले चित्रकार होते, त्यांना कुणा दुसऱ्याने प्राणी करायची वाट बघावी लागली नाही. अंगात जनावर शिरलेला हा एक मराठी लेखक मला पक्का सापडतो. कविता मात्र त्याने इंग्रजीत लिहिली.

नाटक-कादंबरीने माणसाला जनावर केलं ते हसवण्यासाठी नव्हेच. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० मध्ये रंगमंचावर आलं आणि सेन्सॉरशी भांडत आलं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधली (१९८२) वानरांची टोळी वाचताना कुणी गोंडस म्हणणार नाही. माडगूळकर स्वतः उत्तम रेखाटनं करत. माणूस आणि वानर यांच्यातलं अंतर त्यांनी लिहून कमी केलं, मुखवटा चढवून नाही. आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या लिहिणाऱ्या तरुणांनी स्वतःसाठी जनावर निवडलं ते पँथर. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलेलं नाव, पण निवड त्यांची. ज्यांच्या बापजाद्यांना गावाने जनावरापेक्षा खाली वागवलं, त्यांच्यातल्या लेखकाला उद्या कुणी हौसेने बोकड किंवा माकड करून कपावर छापलं, तर ती गंमत राहत नाही. इथे निवडायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न विलायती मांजरवाल्यांना सहसा पडत नाही. आपल्याला तो टाळता येणार नाही, आणि मराठीतल्या संकोचाचा हा भाग मला रास्त वाटतो. बाकीचा संकोच निव्वळ तसबिरीला हार घालायची सवय आहे.

आता संगणकाने हा सगळा संकोच एका झटक्यात मोडीत काढलाय. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मोबाइलवर येणारी चित्रं बघा. यंत्राला ‘मराठी कवी, प्राण्याच्या रूपात’ असं सांगितलं की ते बहुधा वाघाला भगवा फेटा बांधून मोकळं होतं. यात कुसुमाग्रज कुठे आणि मर्ढेकर कुठे? मर्ढेकरांच्या कवितेतले उंदीर मराठी कवितेतले सगळ्यांत गाजलेले उंदीर असतील. पण उंदराला फेटा शोभत नाही, म्हणून ते यंत्राच्या गावीही नाहीत. खरे बिबटे येऊरच्या जंगलातून ठाण्यात उतरतात, २०१९ च्या फेब्रुवारीत एक तर मॉलमध्ये शिरला होता. त्यालाही फेटा नव्हता.

लेखिकांचं काय, हे विचारलं की हा सगळा प्रकार आणखी उघडा पडतो. पगडी, फेटा, टोपी, मिशी या ओळखीच्या खुणा सगळ्या पुरुषांच्या. लेखिकेला यंत्र एक नऊवारी देतं आणि चंद्रकोर देतं, मग त्या शांता शेळके असोत की इरावती कर्वे. बहिणाबाई चौधरींपाशी मात्र प्राणी तयार आहे, आणि तो त्यांनी स्वतःच दिलेला: सुगरण, झाडाला टांगलेल्या खोप्यासकट. डोक्यावरून पदर घेतलेला, चोचीत गवताची काडी धरलेला तो छोटा पक्षी कुणीही ओळखेल. अडचण एकच. खोपा विणण्याचं काम सुगरण पक्ष्यांत नर करतो. मादी फक्त बघून पसंत-नापसंत ठरवते. तेव्हा पक्षीशास्त्राला धरून काढायचं तर पदराखाली पिवळ्या डोक्याचा नर बसवावा लागेल, आणि त्यावरचं पहिलं पत्र जळगावहून नव्हे, डोंबिवलीच्या एखाद्या पक्षिमित्राकडूनच येईल: पदराच्या रंगाबद्दल नाही, चोचीच्या लांबीबद्दल.